मुडद्याच्या छातीतली धडधड

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी मेलेली होते.

म्हणजे मालिकेत. मी कपडेपटातली. पण मुडदा होणारी बाई आलीच नाही, तेव्हा दिग्दर्शकाने माझ्याकडे बोट दाखवलं, "ही झोपेल." साउंडवाला धावत आला, वाकला आणि माझ्या कॉलरला माइक लावू लागला. बोटं थंडगार... पापण्या केवढ्या लांब! मेलेल्या माणसाने बघू नये, पण बघितलं.

"अरे, मुडद्याला माइक कशाला?" दिग्दर्शक ओरडला.

"सॉरी सर — सवयीने!"

आमच्या मालिकेतला इन्स्पेक्टर वीस फुटांवरून छातीचे ठोके ऐकून खुनी ओळखतो. तो नट मात्र तीन हाका मारल्याशिवाय चहालासुद्धा वळत नाही.

दोन वर्षं गेली. साउंडवाला रोज विचारायचा, "आज कुणाचं रक्त धुताय?"

"तुमचं नाही. निवांत राहा."

याच्यापुढे आमची गाडी सरकेल तर शपथ! मग मालिका बंद झाली. मला दुसऱ्या शहरातल्या नाटक कंपनीने बोलावलं. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं, आणि माझ्या तोंडून 'हो' निघत नव्हतं.

त्याच दुपारी, सेटवरच्या शेवटच्या दिवशी, मी डागाळलेले शर्ट बांधत होते. तो हेडफोन घेऊन आला.

"एक गुन्हा कबूल करायचाय. ऐका..."

धडधड... धडधड...

"हे तर आपल्या खुन्यांचे ठोके!"

"हो, पण काळीज तुमचं. त्या दिवशी माइक चालूच राहिला. एवढी अस्सल भीती पुन्हा कुठे मिळाली नाही, म्हणून... सत्तेचाळीस खुनी तुमच्याच छातीवर पकडले. न विचारता. रागावलात?"

दोन वर्षं हा माणूस माझं काळीज कानाला लावून बसला होता. आणि त्याला वाटलं काय, तर भीती!

"मुडदा कशाला घाबरेल हो? माझं मरायचं काय शिल्लक होतं?"

"मग —?"

"तुम्ही वाकला होतात."

त्याचे कान लालबुंद झाले. बराच वेळ तो वायर गुंडाळत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "त्या नाटक कंपनीला... साउंडवाला लागतो का?"

मी फोन लावला. "येते," म्हटलं, "पण एकटी नाही."

"सोबत कोण?"

मी त्याच्याकडे बघितलं.

"ऐकू जरा उशिरा येतं," मी म्हटलं, "पण माणूस चांगला आहे."