न्यूट्रलमध्ये शून्य

मी दिंद्रुडकडचा कंत्राटी वायरमन. तीन फेजांवर घरं सारखी वाटली की न्यूट्रलच्या तारेत करंट उरत नाही, हे मी चार वर्षं लोकांना सांगतोय. कुणी ऐकत नाही. प्रत्येकाला शेजाऱ्याचाच फेज हवा असतो.

दिवाळीनंतर आमची वस्ती ऊसतोडीला गेली. घरोघर कुलपं. मागे राहिले शेरडं राखणारा बंकटकाका आणि माझी आत्या, साखराबाई. मला हिनंच वाढवलं. तिची फुप्फुसं निकामी, म्हणून ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालू. फुस्स, टक. ते बंद पडलं की तिचे ओठ निळे पडायचे.

जानेवारीत एका सकाळी वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर सहज चिमटा-मीटर लावला. लाल फेजवर दीड अँपिअर, म्हणजे आत्याचं मशीन. बरोबर. पिवळ्यावर दीड. निळ्यावर दीड. न्यूट्रलमध्ये शून्य.

असा बॅलन्स मी फक्त आयटीआयच्या पेपरात पाहिला होता, तोही पुढच्या बाकावरच्या.

"काका, कुणी माघारी आलंय का?"

"कोण येतंय लेका? हितं शेरडंबी नाइलाजानं ऱ्हात्यात."

शोधत गेलो. पिवळ्यावर अजिनाथचं घर, निळ्यावर मोहनरावांचं. दोन्हींना कुलूप, पण दोन्ही मीटरचे दिवे लुकलुकत होते. अजिनाथच्या खिडकीतून आत पाहिलं. उघडी बाज, धूळ, उंदरांच्या लेंड्या. बोर्डाला एकही वायर लावलेली नव्हती.

आवाज मात्र येत होता. फुस्स, टक.

वीजचोरी म्हणावी, तर चोरानं निदान पंखा तरी लावावा. मी अजिनाथचा फ्यूज काढला.

"अरं, म्हातारीचं मशीन बंद पडलं!" बंकटकाका ओरडला.

पळत गेलो. आत्याच्या बोर्डात सप्लाय होता, टेस्टर पेटत होता. मशीन गप्प. आत्या नुसती माझ्याकडे बघत होती. उलटा पळालो, फ्यूज बसवला. मशीन सुरू झालं.

"पुन्यांदा हात लावू नको," काका म्हणाला. "लई शाना हायेस."

नाही लावला. रोज फक्त मोजायचो. दीड, दीड, दीड. सगळं बरोबर असलं की झोप उडते, हे आयटीआयत शिकवत नाहीत.

मार्चमध्ये एका दुपारी अजिनाथ जीपमधून उतरला. हा माझा शाळेपासूनचा दोस्त. एकटाच होता, बायको मंगल सोबत नव्हती. मी अडवायच्या आत त्यानं कुलूप काढलं.

आतला आवाज थांबला.

आत्याच्या घरातलाही.

अजिनाथ उंबरा ओलांडून आत गेला आणि दोन्हीकडे आवाज पुन्हा सुरू झाला.

"काय बे वायरमन, लाइट हाय का?" त्यानं विचारलं आणि श्वास घेतला.

फुस्स. टक.

त्याच्याच छातीतून येणारं ते त्याला ऐकू येत नव्हतं.

"मंगल सामान घिऊन स्टँडवर बसलीय. आलोच तिला घिऊन."

तो बाहेर आला. आत्याचं मशीन थांबलं. बंकटकाकानं हाका मारायला सुरुवात केली.

"अजिनाथ, जरा आत ये. बोर्ड दाखवायचाय."

"कावून? मागून बघू की."

"आत ये."

तो आत गेला. पलीकडे काकाच्या हाका थांबल्या.

मी दार ओढून कडी घातली. काका आला. काही न विचारता त्यानं शेरडांच्या वाड्याचं कुलूप माझ्या हातात ठेवलं.

आतून अजिनाथ दारावर थापा मारत होता. हसत होता. मी गंमत करतोय, असं त्याला वाटत होतं.