जूनच्या पहिल्या तारखेचं झाड

मुलांनो, डोळ्यांसमोर एक नदी आणा. ऱ्हाईन. करडं पाणी, त्यावर संथ चाललेली मालवाहू बोट, आणि काठावर लाकडी चौकटींची जुनी, थोडी पुढे झुकलेली घरं. त्यांतल्या एका घराच्या पन्हळीला तोडून आणलेलं बर्चचं उंच झाड बांधलंय. फांद्यांवर रंगीत कागदाच्या पट्ट्या, मधोमध पुठ्ठ्याचा लाल बदाम, त्यावर नाव – सेव्हरिन.

त्या घराच्या वळचणीला पाऊस चुकवत तीन मैत्रिणी येऊन उभ्या राहिल्या. तिघी दूर उत्तरेकडच्या, समुद्रकाठच्या हूसुम गावच्या. सुट्टीत फिरत फिरत आज सकाळीच इथे पोचलेल्या.

"ते झाड कलंडतंय बघ," टॉम्के म्हणाली.

तिघींतल्या विब्केला कलंडलेलं काही बघवत नसे. नीट बांधावं म्हणून तिने गाठ सोडली, आणि अख्खं झाड तिच्या मिठीत आलं.

तेवढ्यात दार उघडलं. दारात एक तरुण. त्याने झाडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"आलात तर," तो म्हणाला. "मी सकाळपासून वाट बघतोय."

"माझी?"

"खरं म्हणजे महिनाभर. या… केक तयार आहे."

"जा की," गेशे कानाशी कुजबुजली. "केक आहे म्हणतोय."

आता त्या भागातली रीत सांगतो. मे महिना लागायच्या रात्री मुलगे आवडत्या मुलीच्या दाराशी असं झाड लावून जातात. फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा असेल त्या वर्षी मुली लावतात, आणि यंदा तसंच वर्ष होतं. लावणारीने नाव सांगायचं नाही. जूनच्या पहिल्या तारखेला मात्र तिनेच ते उतरवायचं, आणि घरच्यांनी तिला टेबलाशी बसवायचं. हूसुमकडे हे कुणाला ठाऊक नाही.

आत स्ट्रॉबेरीचा केक होता, कॉफी होती, आणि त्या तरुणाची, म्हणजे सेव्हरिनची, सात वर्षांची भाची इडा होती. ती एक शब्द बोलत नव्हती.

"झाड कुणी लावलं यावर गावात पैजा लागल्यात," सेव्हरिन विब्केच्या कपात कॉफी ओतत म्हणाला. "बेकरीवाली बाई म्हणते, शाळेतली एखादी जुनी मैत्रीण असेल. पण तुम्ही… मला कधीच दिसला नाहीत."

"आमची विब्के लाजाळू आहे," टॉम्के म्हणाली, आणि गेशेने तोंडात मोठा घास कोंबला.

विब्केला आता सगळं उमगलं. गप्प राहिलं तर दुपार छान जाणार होती. त्याच्या नजरेत महिनाभराची वाट होती… आणि ती नजर तिला आवडली होती. म्हणूनच गप्प राहवेना.

"झाड मी नाही लावलं," ती म्हणाली. "आम्ही हूसुमच्या. हे गाव मी आज सकाळी पहिल्यांदा पाहिलं. झाड पडत होतं, मी धरलं."

सेव्हरिनने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. "मग कुणी लावलं?"

"मी," इडा बशीकडे बघत म्हणाली. "आजोबांनी शिडी धरली. सगळ्यांच्या दारी झाड होतं, मामा. तुझ्याच नव्हतं."

मग सेव्हरिन हसला. आधी थोडं, मग मनापासून. विब्के उठू लागली.

"बसा," तो म्हणाला. "झाड तुम्हीच उतरवलंत. केक तुमचाच." तो जरा थांबला. "पुढच्या वर्षी पाळी मुलग्यांची. हूसुम किती लांब?"

"सात तास. दोनदा गाडी बदलून."

"आगगाडीत झाड घेऊ देतात?"

"सायकल घेऊ देतात."

"झाड तर सायकलीहून शांत असतं."

"पण मे अकरा महिन्यांनी…" विब्के चमचा फिरवत म्हणाली. "तोवर झाडाशिवाय आलास तरी चालेल."

इतका वेळ त्या दोघांच्या मध्ये बसलेली इडा खाली उतरली. तिने आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, टेबलाला वळसा घालून टॉम्केच्या पलीकडे नेऊन ठेवली, आणि तिथून हात लांब करून केकचा दुसरा तुकडा घेतला.