मी घरीच आहे, आई

विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. मी कोणाला गळ घालणार नाही.

पण ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा मावसभाऊ आहे. विराज. नेदरलँड्समध्ये हूफडॉर्पला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि भुताखेतांचा विषय निघाला की फिदीफिदी हसणाऱ्यांतला आहे. निदान होता. मी द हेगला असते, त्यामुळे हे सगळं मी त्याच्याच तोंडून, त्याच्याच घरात बसून ऐकलंय. सांगताना तो एकदाही माझ्याकडे बघत नव्हता.

गेल्या वर्षीचा जून. गुरुवार. सकाळचे साडेनऊ.

हो, सकाळचे. अंधार नाही, अमावास्या नाही. चांगला लख्ख उजेड होता.

ठिकाण... नॉर्वेच्या किनाऱ्यावरचं एक लहानसं बंदर. एक धक्का, लाल रंगाची लाकडी गोदामं, मासळीचा एक कारखाना आणि दिवसातून दोनदा येणारी बोट. गावाच्या मागे लगेच जंगल सुरू होतं. वर्षावन म्हटलं की आपल्याला माकडं आणि अजगर आठवतात, पण उत्तरेतही अशी थोडी जंगलं आहेत. थंड, काळोखी, बारा महिने टपटपणारी. उंच सूचिपर्णी झाडं आणि त्यांच्या फांद्यांना लोंबणारं दगडफूल.

तेच, आपल्या गोड्या मसाल्यातलं. किंवा त्याचं भावंड म्हणा.

पहिल्या दिवशी ते बघून विराजची बायको स्वानंदी पटकन बोलून गेली, "आई असत्या तर पिशवी भरून घेतली असती."

विराज तसाच पुढे चालू लागला. कारण त्या गुरुवारी आईचं वर्षश्राद्ध होतं. पुण्यात. आणि एकुलता एक मुलगा इथे सुट्टीवर आला होता.

आता हे कसं झालं तेही सांगते. मंजूषामावशी, म्हणजे विराजची आई, आदल्या वर्षी अचानक गेली. विराज पोचला तो दुसऱ्या दिवशी. तेव्हाच त्याने बाबांना शब्द दिला होता की वर्षश्राद्धाला नक्की येतो. पुढे नॉर्वेचं बुकिंग झालं ते तारखेने. श्राद्ध असतं तिथीने. पंचांग बघायची या घराला सवयच नाही. बाबांनी दिवस कळवला तेव्हा तो नेमका सहलीच्या मधोमध येत होता.

तरी बदलता आलं असतं. पण याने बाबांना फोन करून सांगितलं, "बाबा, प्रोजेक्ट गो-लाइव्ह आहे. रजाच मिळत नाहीये. मी घरून व्हिडिओवर बसतो ना."

बाबा म्हणाले, "बरं." एवढंच. सतीशकाका, म्हणजे विराजचे बाबा, भांडणारा माणूसच नाही.

स्वानंदी म्हणाली होती, "सरळ खरं सांग. रागावतील आणि विसरतील."

"आता कसं सांगू?" हा म्हणाला.

खोटं पचवायला त्याने सोयही केली. लॉकडाऊनमध्ये ऑफिसच्या मीटिंगसाठी त्याने स्वतःच्या हॉलचा एक फोटो काढून ठेवला होता. करडा सोफा, उंच दिवा, खिडकीत मनीप्लँटची कुंडी. व्हिडिओ कॉलवर तो फोटो पाठीमागे लावला की माणूस कुठेही असो, घरीच बसलाय असं दिसतं. गुरुवारी सकाळी भाड्याच्या त्या लाकडी घरात, जेवणाच्या टेबलावर त्याने लॅपटॉप उघडला आणि तोच फोटो लावला. स्वानंदी समोरच्या खुर्चीत बसली. कॅमेऱ्यात येणार नाही अशी.

बाहेर चार दिवस न थांबलेला पाऊस होता. छपरावर आवाज चालूच.

पुण्यात दुपारचा एक वाजला होता. गुरुजींचं आटोपलं होतं. मुलगा असून नवऱ्याला बसावं लागलं होतं, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. बाबा मोबाइल घेऊन गच्चीत आले. कठड्यावर कावळ्यासाठी पान ठेवलं होतं. भात, वरण, वडे, खीर... मावशीची आवडती अळूची भाजी.

कावळा शिवेना.

दहा मिनिटं झाली. वीस झाली.

"समोरच्या टाकीवर तिघं बसलेत," बाबा म्हणाले. "बघतायत नुसते."

गुरुजींना घाई होती. त्यांनी आपलं नेहमीचं सांगितलं. "काही इच्छा राहिली असेल त्यांची. कोणीतरी शब्द द्या."

बाबा पानाकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "विराज, तूच बोल. तिला तुझं घर बघायचं होतं रे."

हे खरं होतं. चार वर्षं मावशी वाट बघत होती. व्हिसासाठी मुलाने एक फॉर्म भरायचा, खेमेंतेत म्हणजे नगरपालिकेत जाऊन त्यावर शिक्का घ्यायचा, आणि पाठवायचा. अर्ध्या तासाचं काम. याला चार वर्षांत अर्धा तास झाला नाही. तिने तिकडे मरून रंगाचा जाड स्वेटर विकत घेऊन ठेवला होता. लेबलसुद्धा काढलं नव्हतं.

विराजला सगळं आठवलं. पण समोर बाबा होते, गुरुजी होते, आणि पाठीमागे तो फोटो होता.

तो म्हणाला, "आई, ये तू. हे बघ माझं घर. मी घरीच आहे."

आणि त्याच क्षणी...

छपरावरचा पाऊस थांबला.

ओसरला नाही. थांबला. धक्क्यावरच्या सीगलांचा चार दिवसांचा कलकलाटही बंद झाला. स्वानंदीने मान वर करून छताकडे पाहिलं. तिलाही ते जाणवलं होतं.

लॅपटॉपमधून पंखांची फडफड ऐकू आली.

"शिवला!" बाबा म्हणाले. "तिन्हीच्या तिन्ही आले रे!"

विराजने डोळे पुसले. सुटलो, असं त्याला वाटलं. हे त्याने स्वतः मला सांगितलं. आईची आठवण नाही, आधी सुटलो असं वाटलं.

तेवढ्यात बंदरातल्या बोटीचा भोंगा वाजला. लांब, जाड आवाज.

"हे काय वाजलं?" बाबांनी विचारलं.

"ट्रक असेल बाहेर," विराज म्हणाला. आणखी एक खोटं.

बाबा हसत होते. मग त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. हसू हळूहळू गेलं.

"विराज... तुझ्या मागे कोण बसलंय?"

"कुठे?"

"सोफ्यावर. डाव्या कडेला."

विराजने स्वतःच्या स्क्रीनवर पाहिलं. मागे तोच फोटो. रिकामा सोफा.

"स्वानंदी असेल," तो म्हणाला.

स्वानंदी त्याच्या समोर बसली होती. तिने तोंडावर हात ठेवला आणि मान हलवली.

"नाही रे. स्वानंदीचे केस कापलेले आहेत." बाबांचा आवाज अगदी बारीक झाला. "अंबाडा आहे. पर्स मांडीवर घेतलीय. परक्यांच्या घरी बसावं तशी बसलीय... अंग चोरून."



"स्वेटर घातलाय," बाबा म्हणाले. "मरून."

विराजला मागे वळून बघता येईना. मागे काय असणार होतं? भाड्याच्या घराची लाकडी भिंत आणि टांगलेले ओले रेनकोट. हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी मान वळेना.

"अरे, बसलायस काय?" बाबा एकदम म्हणाले. ते रडत होते आणि खूशही होते. "एवढ्या लांबून आलीय ती. ऊठ. पाणी दे तिला."

आता मला सांगा, काय करायचं? बाबा, तो सोफा इथे नाहीच, असं सांगायचं? तीच वेळ होती. अजूनही सांगता आलं असतं.

विराज उठला. टेबलावरच्या जगमधलं पाणी पेल्यात ओतलं. आणि मागे वळून, नॉर्वेतल्या त्या लाकडी खोलीत, कोणीच नसलेल्या जागी, त्याने पेला पुढे धरला. बाबांना दिसावं म्हणून.

स्वानंदी म्हणते, आयुष्यात तिला कधी कोणाची एवढी शरम वाटली नव्हती.

स्क्रीनवर त्या फोटोने पेला गिळून टाकला. असं होतं, पाठीमागे खोटा फोटो असला की हातातल्या वस्तू गायब होतात. त्यात भुताचं काही नाही. नुसता रिकामा पंजा पुढे केलेला दिसत होता.

बाबांनी मोबाइल आणखी जवळ नेला.

"नाही घेतलं तिने," ते म्हणाले. "तुझ्याकडे बघतेय नुसती."

मग कॉल तुटला. त्याने तोडला की आपोआप तुटला, यावर विराज आजही नीट उत्तर देत नाही.

बाहेर पाऊस पुन्हा सुरू झाला होता.

स्वानंदी उठून बॅग भरायला लागली. "चल. आत्ताच्या आत्ता घरी जाऊ."

"तिकीट रविवारचं आहे," विराज म्हणाला. "आणि बाबांना भास झाला असेल. उपास होता त्यांचा."

ते राहिले. तीन दिवस राहिले. रोज जंगलात फिरायला गेले. दगडफुलाखालून चालताना दोघांपैकी कोणीही फोटो काढला नाही. बाबांचा एकही फोन आला नाही, आणि याने केला नाही.

रविवारी दुपारी ते शिफोल विमानतळावर उतरून बसने घरी आले.

शेजारची टिनेके बाहेर झाडं छाटत होती. सत्तरीची एकटी बाई. इकडची पद्धत तुम्हाला माहीत असेल, खिडक्या ह्या एवढ्या मोठ्या आणि पडदे सताड उघडे, येता-जाता घरातलं सगळं दिसतं. तिने यांना पाहिलं आणि कात्री खाली ठेवली. रोज हात हलवणारी बाई. त्या दिवशी हलवला नाही.

"तुमच्या पाहुण्या गेल्या," ती इंग्रजीत म्हणाली. "आज सकाळी. थोडक्यात चुकामूक झाली तुमची."

"कोण पाहुण्या?" स्वानंदीने विचारलं.

"तुझ्या नवऱ्याची आई ना? चेहरा तोच आहे." ती विराजकडे बघत होती. "गुरुवारी सकाळपासून सोफ्यावर बसलेल्या होत्या. कोपऱ्यात, पर्स घेऊन. मी हात केला, त्यांनीही केला. दुपारी बेल वाजवली, तर उठल्या नाहीत. मला वाटलं, ओळख नाही म्हणून घाबरल्या असतील."

विराजच्या हातातली बॅग तशीच होती.

"रस्त्यावर कोणाची चाहूल लागली की खिडकीकडे बघायच्या," टिनेके म्हणाली. "तीन दिवस. मला बोलायचा अधिकार नाही. पण म्हाताऱ्या आईला घरी बोलवायचं आणि आपण सुट्टीवर जायचं... तुमच्याकडे असं चालतं?"

विराजने काय उत्तर दिलं असेल? "सॉरी," म्हणाला. शेजारणीला.

दार कुलूपबंदच होतं. आत सगळं जिथल्या तिथे.

फक्त सोफ्याची डावी कड किंचित दबलेली होती.

आणि खिडकीतली मनीप्लँटची कुंडी... आठवडाभर घरात कोणी नव्हतं, जूनचं ऊन होतं, माती भेगाळायला हवी होती. स्वानंदीने बोट लावून पाहिलं.

माती ओली होती.

विराज दाराशीच खाली बसला आणि रडला. भीतीने नाही. भीती नंतर आली, असं तो म्हणतो.

सोमवारी त्याने पुण्याला जायला रजा मागितली. दोन मिनिटांत मिळाली.

बुधवारी तो बाबांसमोर बसला आणि सगळं सांगून टाकलं. नॉर्वे, फोटो, ट्रकचा भोंगा, टिनेके, सगळं. बाबा शिव्या देतील, मारतीलसुद्धा, अशी त्याने तयारी केली होती. त्याला तेच हवं होतं, मला विचाराल तर.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठून मावशीचं कपाट उघडलं. स्वेटर घडी करून जिथे ठेवला होता तिथेच होता. लेबल तेवढं नव्हतं.

त्यांनी स्वेटरवर हात ठेवला.

"तरीच," ते म्हणाले. "म्हणून तिने पाणी घेतलं नाही होय."

बस्स. त्यानंतर त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही.

या गोष्टीला वर्ष झालं. लेबलाचं कोणाला काही सांगता येत नाही. टिनेके एकटी असते, तिला काहीबाही दिसलं असेल, असं मी स्वतःला बऱ्याचदा समजावलं आहे. कुंडीचं मात्र मला अजून कोणी समजावलेलं नाही.

यंदा विराज आठ दिवस आधी पुण्याला गेला. स्वतः बसला श्राद्धाला. कावळा पान ठेवताक्षणी शिवला. याने "आई, ये" म्हणायला तोंड उघडलं होतं, पण बोलायच्या आतच पान विस्कटलं होतं.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. स्वानंदी चहा टाकायला आत गेली. सोफ्याच्या डाव्या बाजूला छोटं स्टूल होतं, त्यावर पाण्याने भरलेला पेला, वर झाकण. मला वाटलं माझ्यासाठीच ठेवलाय. मी तिथे बसायला वाकले.

"तिथे नको, ताई," विराज घाईने म्हणाला. "जरा इकडे बस."