शेजारच्या सीटचा पट्टा

हे खरं घडलेलं आहे. मी गाड्यांच्या वायरिंगचा माणूस. टेस्टर लावून बघितल्याशिवाय वायरीत करंट आहे असंही मी म्हणत नाही. तेव्हा पदरचं काही घालणार नाही, एवढं धरून चाला.

शनिवार होता. दुपारचे साडेतीन. गॅरेजचं शटर पूर्ण वर आणि दारात लख्ख ऊन.

आत बाबांची गाडी उभी होती.

बाबा गेल्यापासून सहा वर्षं ती ताडपत्रीखाली पडून होती. इंजिन पार कामातून गेलेलं. आई कधी काही मागत नाही, तिने या वर्षी मागितलं. "एकदा त्यांच्या गाडीतून मला माझ्या बहिणीकडे न्या. मग विका नाही तर मोडा." मावशी अंथरुणाला खिळलेली, थोड्या दिवसांची सोबती. दादाने आईला रविवारचा शब्द दिला.

शब्द दादाने द्यायचा आणि मी निस्तरायचं, ही आमच्या घरची जुनी वाटणी.

भंगारवाल्याकडून एका नव्या गाडीचं इंजिन आणलं. सोबत त्याचा कॉम्प्युटर, वायरींचा गुंता, मीटर आणि किल्ली. असला कॉम्प्युटर आपली किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ देत नाही. मग आम्ही काय करतो, किल्ली फोडून आतली गव्हाच्या दाण्याएवढी चिप काढतो आणि स्टिअरिंगच्या कुलपाजवळ चिकटवून टाकतो. जुनी किल्ली फिरवली तरी त्याला वाटतं, आपलंच माणूस आलं.

जुन्या गाडीत नसलेल्या गोष्टींच्या वायरी उरतात. सीटच्या, पट्ट्यांच्या, दारांच्या. माझे उस्ताद म्हणायचे, "वायर कापू नकोस. गुंडाळून ठेव. ती कुणाची वाट बघतेय, आपल्याला ठाऊक नसतं."

मला घाई होती. मी कापल्या.

बाबांची किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात इंजिन चालू झालं. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले.

आणि मग…

टिंग.

टिंग.

टिंग.

नव्या गाडीत पट्टा लावला नाही की वाजतं ना, तेच. पण तो आवाज मीटरमधून येतो. नवं मीटर मी बसवलंच नव्हतं. दादाला बाबांच्याच मीटरचे काटे हवे होते. नवं मीटर खोक्यात होतं, फळीवर.

फळीपाशी गेलो. खोक्याला कान लावला…

टिंग.

टेस्टर लावला. करंट नाही. माझ्या हातात ते मीटर मेलेलं होतं आणि वाजत होतं.

गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारा स्कॅनर जोडला. पडद्यावर एकच ओळ. पुसली की परत येणारी.

शेजारची सीट: व्यक्ती बसली आहे. पट्टा लावलेला नाही.

मी सीटकडे बघितलं. रिकामी.

त्या सीटची वायर मी स्वतः कापून कचऱ्याच्या डब्यात टाकली होती.

तेवढ्यात दादा आला. त्याने आवाज ऐकला आणि हसला. "नवी सून आहे, रुळेल चार दिवसांत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही."

मेल्यावर तरी जाते का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

पट्टा हवाय ना, म्हणून मी पट्टा बसवला. नुसता बोल्टने कसला. वायर जोडायची बाकीच होती. रिकाम्या सीटवरून ओढला आणि खटकन अडकवला…

आवाज थांबला.

पट्टा सीटला सपाट चिकटायला हवा होता. तो मध्ये थोडा उचललेला होता.

दादा गेल्यावर मी भंगारवाल्याला फोन लावला. इंजिन कुठल्या गाडीचं, ते विचारलं.

"एका बाजूने ठोकलेली आहे. इंजिनाला खरचटलंसुद्धा नाही," तो म्हणाला. "चालवणारा वाचला."

"आणि शेजारी?"

"बायको होती त्याची. पट्टा लावला नव्हता म्हणे. तुला काय करायचंय?"

मी दादाला काही बोललो नाही. बोललो असतो तर रविवार हुकला असता, आणि मावशीला पुढचा रविवार होता की नाही कोण जाणे. आईला मागे बसवायचं, एवढंच ठरवलं.

रविवारी सकाळी दहा वाजता आई काठी टेकत आली. मीटरचं खोकं मी गॅरेजात कुलपात ठेवून आलो होतो. पुढचा पट्टा अडकवलेला. मी मागचं दार उघडून धरलं.

"मागे? या गाडीत मी कधी मागे बसलेय?"

"आई, पुढची सीट जरा…"

"जरा काय? ती जागा माझी आहे."

तिने पुढचं दार उघडलं आणि पट्टा सोडवला. दादाने किल्ली फिरवली.

टिंग.

आई वाकलेली तशीच थांबली. रिकाम्या सीटकडे बघत राहिली. मग बसमध्ये एखादीला म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "सरक गं जरा. म्हातारीला बसू दे."

मी आईला एका अक्षरानेही काही सांगितलं नव्हतं.

आई बसली. पट्टा लावला. टिंग चालूच. मी मागे बसून स्कॅनर मांडीवर घेतला. ओळ बदलली होती.

मागची सीट: व्यक्ती बसली आहे.

मागे मी होतो. पण सगळ्या खिडक्या बंद असताना माझा डावा दंड गार पडला होता. मी सगळा रस्ता उजव्या दाराला चिकटून काढला.

दोघी बहिणी तासभर हात धरून बसल्या. त्याच आठवड्यात मावशी गेली.

मी मागेही पट्टा बसवला. त्याला वायर नाही, काही नाही. अडकवला की आवाज थांबतो. आईने गाडी विकू दिली नाही. निघताना ती औषध घेतलंस का विचारावं तसं विचारते, "तिचा पट्टा लावलास ना?" दादा आता हसत नाही.

गेल्या बुधवारी दादा एकटाच गाडी घेऊन गेला. अर्ध्या तासात त्याचा फोन आला.

"अरे, मागचा पट्टा लावलाय. तरी वाजतंय."

आई उशांचे अभ्रे बदलत होती. मान वर न करता म्हणाली, "मी नाही ना आज. जागा रिकामी बघून पुढे आली असेल. पुढचा लाव म्हणावं."

दादाने लावला. थांबलं.

"दोघांनाही सांगून ठेवते," आई म्हणाली. "मी गेल्यावर तिला पुढेच बसू द्या. एकदा उठवलंय मी तिला."



हल्ली आईचा पट्टा लावून झाला की मागचा लावायच्या आधी मी थोडा थांबतो. कान देतो. कधी कधी फार वेळ लागतो…

टिंग.

ती मागे आहे. म्हणजे पुढची जागा अजून आईचीच आहे. मग माझ्या जिवात जीव येतो.