तात्यांची राहिलेली ओळ

जरा हळू बोलतो, ताई आत आहे.

आमच्या कचेरीतून दरवर्षी देशाची वार्षिकी निघते. वर्षातल्या ठळक घटना, जन्म, मृत्यू. तिची प्रुफं आम्ही जोडीनं तपासायचो. तात्या मूळ कागद मोठ्यानं वाचायचे, मी छापील ओळीवर बोट ठेवून "हं" म्हणायचो. हं म्हटलं की नोंद पक्की. सव्वीस वर्षं हेच. जन्मांचं पान आलं की तात्या हसायचे, "यंदाचे थोर अजून दुपट्यात आहेत रे!"

वार्षिकी त्यांनीच सुरू केलेली. पण वर्षापूर्वी, डिसेंबरच्या वीस तारखेला ते गेले, तेव्हा पानं बंद झाली होती. पुढची वार्षिकी एक जानेवारीपासून. मधे गेलेला माणूस ना घरचा ना घाटचा.

तात्यांच्या घरून काकूंचा फोन आला. "एक ओळ बसते का, बघ ना..."

छपाईला तासभर होता. जिना उतरून खाली छापखान्यात गेलो असतो तर बसली असती. पण संध्याकाळी ताईचा सत्कार होता. एकेकाळी ती देशासाठी धावलेली. मला निघायची घाई. म्हणालो, "काकू, नियम आहे हो." त्या रागावल्याही नाहीत. तेच अजून मनाला खातं.

या खेपेला म्हटलं, नियम गेला खड्ड्यात. 'राहून गेलेली नोंद' म्हणून तात्यांची ओळ घातली आणि पंधरा दिवसांपूर्वी, भर दुपारी, एकटाच प्रूफ घेऊन बसलो. त्या ओळीवर बोट ठेवलं आणि खोलीत खोकल्याच्या गोळीचा वास आला. तात्या चघळायचे, तीच. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीतून वाचन सुरू झालं... संथ... त्यांच्याच आवाजात. त्यांनी स्वतःची ओळ वाचली.

माझे डोळे भरून आले. "हं," म्हणालो. "चुकलो मी, तात्या."

कागद उलटल्याचा आवाज झाला.

"पाच जानेवारी... माजी धावपटू..." पुढे ताईचं नाव. "वय एकसष्ट."

सव्वीस वर्षांची सवय हो. अर्थ डोक्यात शिरायच्या आत मी "हं" म्हणून गेलो.

प्रुफात तशी ओळच नव्हती. "खोडा ते, तात्या!" किती ओरडलो. गोळीचा वासही विरून गेला होता.

आज चार तारीख. ताईला काही सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, ठणठणीत आहे.

घरात आम्ही दोघंच असतो. पण ऐकलंत? मघापासून ती आत थांबून थांबून काहीतरी बोलतेय... नीट ऐका. एकच शब्द आहे.

"हं... हं..."