स्वच्छ दातांची पेशंट

"काय दुखतंय?" मास्कच्या वरच्या दोन डोळ्यांनी विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. आधीच्या डेंटल कॉलेजांत तिने 'डावीकडची दाढ' असं बेधडक ठोकून दिलं होतं. इथे मात्र त्या डोळ्यांकडे बघताना साधी थाप सुचेना!

त्याने आरसा आत घालून पाहिलं, आणि तो थबकला. "इथे तर कुणीतरी आधीच घर लख्ख पुसून ठेवलंय. कुठे गेला होतात?"

तोंडात आरसा असताना माणूस सांगणार काय? "आं... आं..."

"आं-आं कॉलेज? ऐकलं नाही कधी."

ती हसली आणि आरसा चावता चावता राहिली. मग तिने सगळं सांगूनच टाकलं. गेल्या वर्षी ती मोठ्या हौसेने डेंटल कॉलेजात गेली होती. एका सरांनी पेशंटसमोर अशी काही खरडपट्टी काढली, की तिची दातखीळच बसली. त्यानंतर हातात अवजार धरवेना. शेवटी ती सामान बांधून घरी परतली. आता पुन्हा अर्ज करायचे होते. दादा म्हणत होता मोठ्या नावाचं बघ, बाबा म्हणत होते घराजवळचं बघ. पण सर मुलांशी कसे बोलतात, ते कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. म्हणून ती पेशंट होऊन एकेका कॉलेजच्या खुर्चीत आडवी होत होती आणि कान उघडे ठेवत होती. जिथे ओरडत नाहीत, तिथेच अर्ज! आणखी एकदा परत यायची वेळ आली असती, तर पुन्हा जायची तिची हिंमत झाली नसती.

"आमचे सर ओरडतात," तो हळूच म्हणाला. "आज तर नक्कीच ओरडतील. तुमच्या तोंडात मला करण्यासारखं कामच नाही. त्यांना दाखवू काय?"

"म्हणजे तुम्ही अजून..."

"शेवटच्या वर्षाला आहे. अर्धा डॉक्टर म्हणा."

तेवढ्यात सर आलेच. "निरोगी तोंडावर तास घालवतोस? बाहेर लोक ठणकत्या दाढा धरून बसलेत!" सगळा हॉल वळून बघायला लागला. अर्ध्या डॉक्टरांचे कान लालबुंद झाले. आणि कसं कोण जाणे, गळ्यातल्या प्लास्टिकच्या रुमालासकट ती ताडकन उठून बसली.

"सर, चूक माझी आहे. मला काहीच झालेलं नाही. यांना बोलायचंच असेल तर बाजूला नेऊन बोला ना... असं सगळ्यांसमोर नको."

सरांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "हं... तेही खरंच," ते पुटपुटले आणि पुढच्या खुर्चीकडे गेले.

तिच्या तोंडून आवाज फुटला होता! तिला इतकं हायसं वाटलं, की रडूच आलं.

"एक खरा पेशंट तुमच्याकडे उधार राहिला," डोळे म्हणाले. आता ते हसत होते.

पुढच्याच आठवड्यात ती मामाला घेऊन आली. जिना उतरताना मामा गाल धरून म्हणाला, "छबू, तुझा डॉक्टर दाढ माझी बघत होता आणि डोळे तुझ्याकडे. भलतीच उपटली नाही, नशीब माझं!"

मग आत्या झाली, शेजारच्या काकू झाल्या. तिच्या ओळखीपाळखीत किडका दात औषधालाही उरला नाही. प्रत्येक पेशंटनंतर कॅन्टीनमध्ये चहा. तिथे पहिल्यांदा त्याचा मास्क उतरला, तेव्हा तिने पाहिलं, त्याचा पुढचा एक दात किंचित वाकडा होता.

"दातांचा डॉक्टर आणि हे असं?"

"मुद्दाम ठेवलाय. पेशंटला धीर येतो."

त्या वाकड्या दातावर तिचा जीव जडला, आणि तिथूनच तिची झोप उडाली. या कॉलेजला अर्ज करायचा तो कॉलेजसाठी, की याच्यासाठी?

अर्जाच्या शेवटच्या दिवशी तो कपात बघतच म्हणाला, "मी यंदा बाहेर पडेन. तुम्ही याल तेव्हा मी इथे नसेन. तेव्हा... माझ्यासाठी म्हणून इथे अर्ज करू नका. उद्या पस्तावाल."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. किती दिवस हेच तिला खात होतं, आणि त्याने ते सरळ उचलून बाजूला ठेवलं होतं.

"मी सगळीकडे करतेय," ती म्हणाली. "दादाचं, बाबांचं, तुमचं... ओरडणारे सर आहेत म्हणून जी खोडली होती, तीही. आता कुणी ओरडलं तर मी बोलेन की! कॉलेज कुठलं, ते अजून ठरायचंय." तिने खालमानेने बशी गोल फिरवली. "तुझं मात्र... ठरलंय."

तो एकदम कानापर्यंत लाल.

"एक सांगू? परीक्षेला बसायला ठरावीक पेशंट तपासावे लागतात, त्यात मला एकच कमी होता. तो तुझ्या मामाने पुरा केला."

"मग आत्या? काकू?"

"त्यांच्याबरोबर तू यायचीस ना."

"अरे! आणि मी त्या बिचाऱ्या आत्याला ओढत आणली!"

"तिची दाढ खरंच किडली होती गं," तो घाईघाईने म्हणाला, आणि टेबलावरचा तिचा हात त्याने हातात घेतला.