काकासाहेबांचं पथ्य

काकासाहेबांना टेम्पोतून उतरवलं तेव्हा त्यांचे पाय चिंधीसारखे लोंबत होते. डोळे उघडे होते. जीभ मात्र जड पडली होती.

कर्जतच्या त्या छोट्या दवाखान्यात डॉक्टर धनश्रींनी नाडी धरली. फार संथ. हृदयाचा आलेख काढला, तर कागदावर बुटक्या लाटांच्या जागी तंबूच्या टोकासारखी उंच, अणकुचीदार टोकं.

"पोटॅशियम चढलंय. रिपोर्टची वाट बघायची नाही," त्यांनी नर्सला सांगितलं. "कॅल्शियम भरा."

कॅल्शियम शिरेतून सावकाश गेलं. मग इन्सुलिन, आणि साखर उतरू नये म्हणून सोबत ग्लुकोज. तोंडावर वाफेच्या औषधाचा मास्क. हळूहळू टोकं बुटकी होऊ लागली.

धनश्रींच्या जिवाची तगमग मात्र थांबेना. या औषधांनी हृदय सावरलं होतं. पोटॅशियम अजून अंगातच होतं. ते बाहेर काढायला नगरला डायलिसिसच हवं होतं. त्यांना न्यायला तिकडून गाडी निघाली होती. पण ही दुसरी खेप. मागच्या वेळी डायलिसिस चुकलं होतं. या वेळी एकही चुकलेलं नाही. मग हे आलं कुठून? ते सापडलं नाही, तर तिसऱ्या खेपेला हा माणूस वाटेतच जाईल.

त्या बाहेर आल्या. काकासाहेबांचा धाकटा मुलगा अंगद मोबाईल हातात घेऊन येरझारा घालत होता.

"डॉक्टर, पोटॅशियम म्हंजी पोटॅशच ना?"

"त्यातलंच. का?"

"लिंबोनीला आनलेली पोटॅश खताची गोनी उघडी हाय घरी. अन् दादांचं, म्हंजी वडलांचं, जेवन वहिनी करती. दादा गेले की रान वाटून पुण्याला जायला मोकळी! मी पोलिसांत चाललोय."

"भावजी!" बाकावरून थोरली सून स्नेहल उठली. तिचा नवरा पुण्यात नोकरीला. "गोनी तुमीच उघडली की!"

"निम्मी मी टाकली. बाकीची कुटं गेली?"

"रानात जाऊन बगा. ठिबकच्या टाकीपाशी पडलीय. कवा वाकून बगितलंय का?"

"थांबा," धनश्री म्हणाल्या. "पोलीस ठाणं पळून जात नाही. आधी मला विचारू द्या. स्नेहल, भाज्या कशा करतेस?"

"तुमी सांगितलं तसं. बटाटा, शेवगा, मेथी चिरून लई पान्यात उकळायचं अन् पानी टाकायचं. डाळीचंबी तसंच."

"पाहुणे शहाळी आणतात?"

"आनत्यात की," सासू विजयमाला मध्येच म्हणाल्या. "मी दारातच लेकरांना वाटते. ह्यांना ते इख हाय, मला म्हाईत हाय. येडी न्हाई मी."

"आणि उकळलेलं पाणी कुठं टाकतेस?"

"कढत पानी मोरीत ओतलं की जीव मरत्यात, म्हनून आई ओतू देत न्हाईत. पातेलं निवायला ठेवून मी रानात जाती. येईस्तवर आईंनी घासलेलं असतं."

"तेवढंच माज्या हातून व्हतं," विजयमाला पुटपुटल्या.

धनश्री आत गेल्या. काकासाहेब आता बोलत होते.

"जेवण जातं का?"

"आधी नुसता चोथा लागायचा. आता बरं हाय. आमटीला चव आलीया."

"कडू? खारट?"

"छ्या! कडू कशापायी?"

धनश्री बाहेर आल्या. "स्नेहल, आमटी कशाची करतेस?"

"आमटी? दादांना मी आमटी देतच न्हाई. पानी मोजून प्यायचं ना त्यांना!"



"अंगद, पोटॅश जिभेवर कडूजार लागतं," धनश्री म्हणाल्या. "बिनमिठाच्या जेवणात घासाघासाला कळलं असतं. इथं तर चव वाढली. भाजी उकळली की तिच्यातलं पोटॅशियम पाण्यात उतरतं, म्हणून ते टाकायचं. पण पुरणाची डाळ शिजवल्यावर उरलेलं पाणी, येळवणी, आपल्याकडं कोण टाकतं? तिची आमटी होते. कढत पाणी ओतू न देणारं, पातेलं घासणारं घरात एकच माणूस आहे. विजयमालाबाई, ते पाणी मोरीत कधी गेलंच नाही."

विजयमालांनी पदर तोंडाला लावला.

"ह्यांचे गाल बसले वो. मला वाटलं, पोरगी सत्त्वच फेकून देती. दुष्काळी कामावर आमची आई पाल्याचं पानी पाजायची. त्याच्यावर आमी जगलो. रोज वाटीभर आमटी करायची मी, ही यायच्या आत. ह्यांनाबी सांगितलं, कुनाला बोलू नका."

"तुमच्या आईचं खरं होतं. सत्त्व पाण्यातच उतरतं," धनश्री हळू आवाजात म्हणाल्या. "पण ते बाहेर टाकायला यांची मूत्रपिंडं उरली नाहीत. तेच साचून हृदय थांबवतं."

अंगदनं मोबाईल खिशात घातला. वहिनीकडं बघवेना, तसा तो दाराकडं वळला. "स्ट्रेचर धरतो," एवढंच म्हणाला.

गाडीचा हॉर्न वाजला. स्नेहल सासऱ्यांचं पांघरूण घेऊन निघाली, तशी विजयमालांनी तिचा हात धरला.

"पोरी, उद्यापासनं पानी निवायला ठिवू नको. कढत हाय तवर ओत."

"अन् मोरीतले जीव?"

"त्यांचं पाप माज्या माथी. ह्यो जीव राहिला पायजे."